वकिलाला भुंकायला शिकवताना

प्रिय ठमे,

मुलांसमोर तुला या नावानं हाक मारलेली चालत नाही, हे ठाऊक आहे. पण पत्रात कोण ऐकतंय? फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी चुकीचं ऐकतो. मग तू ओरडतेस, मी ओरडतो, आणि जावईबापूंना वाटतं आपलं भांडण चाललंय. म्हणून लिहायला बसलोय.

बातमी आधी सांगतो. आपला वकील वर्गात पहिला आला. रविवारी शेवटचा तास झाला. शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्या गळ्यात लाल फीत बांधली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बँकेतल्या निवृत्त कॅशियर आहेत ना, ज्यांचं गुबगुबीत कुत्रं सबंध वर्गभर झोपा काढायचं, त्यांनी तर माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, जणू मीच बसून-उठून दाखवलं होतं. मीही हसून घेतलं. घरी येऊन फीत तुझ्या आईच्या पलंगाच्या दांडीला बांधली. तू म्हणाली होतीस, वर्ग संपेपर्यंत थांबते बाबा, मग मात्र आईला इकडे आणायचं, माझ्या घराजवळच्या त्या शुश्रूषागृहात, तिथे उशाशी घंटा असते आणि घंटा वाजली की माणूस येतं. मी म्हणालो होतो, वर्ग संपेपर्यंत या कुत्र्याला हाक द्यायला शिकवून दाखवतो, मग आईला घरातून हलवायचं नाव काढायचं नाही. आणखीही बरंच बोललो होतो. आई म्हणजे काय टपालात टाकायचं पुडकं आहे का, असंही म्हणालो होतो. तर, वर्ग संपला.

तू अजून त्या मुक्या जिवावर राग धरून आहेस. त्याहून जास्त राग स्वतःवर धरून आहेस, कारण पिल्लू तू आणलंस, आईचं चालणं होईल म्हणून. तो राग सोड. तुला सगळं तुकड्यातुकड्यांत कळलंय, म्हणून एकदा सरळ सांगतो.

तो आला तेव्हा कसा होता, आठवतंय ना? एक गोष्ट धड मान्य करायचा नाही. बस म्हटलं की आधी तुमच्या हातात काय आहे ते पाहायचा, मग बसायचं की नाही ते ठरवायचा. दाराची कडी नाकानं उघडायचा. तुझी आई म्हणाली, हा वकील आहे, कायद्यातली फट शोधतो. तेच नाव पडलं. मग कुठून तरी तिला त्या वर्गाचा पत्ता लागला. जुन्या व्यायामशाळेचा हॉल, खाली रबराच्या चटया, आणि शिकवणारी बाई तुझ्याहूनही लहान. तिथला नियम असा की मारायचं नाही, ओरडायचं नाही. कुत्र्यानं चूक केली तर तिकडे पाहायचंही नाही. बरोबर केलं की त्याच क्षणी हातातलं ते बटणाचं छोटं डबडं टक् करून वाजवायचं आणि चिकनचा तुकडा द्यायचा. ज्याचं बक्षीस मिळतं, ते कुत्रं पुन्हा करतं. मी म्हणालो, ही लाच आहे. आई म्हणाली, सिनेमाच्या तिकीटखिडकीवर उभी हयात काढली मी, भांडणाऱ्याला खिडकी बंद आणि रांगेत उभ्या राहणाऱ्याला तिकीट, वेगळं काय आहे यात? आणि खरंच, तिच्या हाताखाली तो कुत्रा असा काही तयार झाला की शेजारीपाजारी पाहायला यायचे. घरभर टक् टक् चालायचं. एकदा मी ताट स्वतःहून धुऊन ठेवलं तर माझ्यासाठीही डबडं वाजवलं तिनं.

आता घोड्यानं कुठे पेंड खाल्ली ते ऐक. तिच्या कंबरेसाठी डॉक्टरांनी जमिनीवर पडून करायचे व्यायाम दिले होते. ती आडवी झाली की वकिलाला वाटायचं, काहीतरी भयंकर झालं. भुंकून घर डोक्यावर घ्यायचा, तिच्या अंगावर चढायचा, मला बोलवायला मागच्या खोलीपर्यंत धावत यायचा. हो, ठमे, तो यायचा. कुणी न शिकवता यायचा. माझ्या पँटचा पाय ओढायचा. आम्ही दोघंही वैतागलो होतो त्याला. मग तिनं ते वर्गात विचारलं, आणि बाईंनी रीतसर पाठ घालून दिला. आई आडवी झाली की त्यानं आपली निळी चटई तोंडात धरून आणायची, तिच्या शेजारी टाकायची आणि त्यावर गप्प पडून राहायचं. गप्प राहिला की चिकन. जास्त वेळ गप्प राहिला की जास्त चिकन. वर्षभर रोज सकाळी हा पाठ झाला. शेवटी शेवटी ती अर्धा तास व्यायाम करायची आणि त्याच्या श्वासाचाही आवाज व्हायचा नाही. मला कौतुकानं दाखवायला बोलवायची. मीही कौतुक केलं.

त्या दिवशी मी मागच्या खोलीत न्हाव्यांच्या कात्र्यांना धार लावत होतो. सहाणेचं यंत्र चालू असलं की माझ्या कानाशी नगारा वाजवला तरी कळत नाही, हे तुला माहीत आहे. चहा का आला नाही म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर ती ओट्याखाली पडलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि शेजारी निळ्या चटईवर वकील. कान टवकारून, अजिबात न हलता. किती वेळ झाला होता देव जाणे. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तर बोलणं वाचलं असतं. मी आत शिरल्यावर त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. बक्षिसासाठी. मी त्याला लाथ घातली. पहिली आणि शेवटची. तो कण्हला नाही, परत चटईवर येऊन बसला.

तुला वाटत होतं, मी हट्टापायी त्याला ठेवून घेतलं. थोडं तसं आहेही. पण मला असं वाटत होतं की ज्या पद्धतीनं त्याचं तोंड बंद केलं, त्याच पद्धतीनं ते उघडता येईल. यंत्र उलटं फिरवलं की अडकलेला तुकडा निघतो, आयुष्यभर हेच करत आलोय. आणि गरज काय आहे, तेही तुला सांगून सांगून थकलो. सकाळची बाई आईचं सगळं करून जाते. दिवसभराची कुणी टिकत नाही. शेजारचे दोघं कामाला जातात, पण त्यांच्या घरी म्हातारी आजी असते आणि तिचे कान माझ्यापेक्षा पुष्कळ बरे आहेत. आईला श्वासाचा त्रास झाला, मला काही झालं, तर या घरात ओरडणारं कुणी तरी हवं. ती ओरडू शकत नाही. त्या आजीला ऐकू जाईल अशी घंटा पलंगाला, तिच्या डाव्या हाताशी बांधलीय, पण तिचाच श्वास अडकला तर ती वाजवायची कुणी? पडलो-बिडलो की दाबायचं म्हणून तू पाठवलेलं ते गळ्यात अडकवायचं बटण चांगलंच आहे, पण सहाणेपाशी गळ्यात काही लोंबतं ठेवून बसणारा कारागीर फार दिवस जगत नाही. ते खुंटीवर असतं. उरला वकील.

म्हणून मी गेलो त्या वर्गाला. आईच्या जागी. बाईंना सगळं सांगितलं. तो पाठ मीच दिला होता काका, एवढंच म्हणाल्या. त्यांना मी काय बोलणार? त्यांचाही काही दोष नाही. माझ्यासाठी त्या वर्ग संपल्यावर थांबायच्या. आधी दार वाजवून त्याला भुंकायला लावायचं, भुंकला की टक् आणि चिकन. मग 'बोल' म्हटलं की भुंकायचं. मग बाई गुडघ्यावर बसल्या की, मग आडव्या झाल्या की. पठ्ठ्यानं एका बैठकीत सगळं उचललं. तिसऱ्या तासाला तर कॅशियरबाई बुटाची नाडी बांधायला वाकल्या तरी तो त्यांच्यासमोर उभा राहून ठणाणा करायला लागला आणि मग माझ्याकडे येऊन बसला, की काढा चिकन. सगळे पोट धरून हसले. त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो, आणि आईला म्हणालो, तुझ्या वकिलाला वाचा फुटली.

मग घरी आडवा झालो. वकील आत गेला, निळी चटई घेऊन आला, शेजारी टाकली आणि गप्प पडला.

पुन्हा वर्ग, पुन्हा भुंकणं. पुन्हा घर, पुन्हा चटई. बाई म्हणाल्या, कुत्र्याला प्रत्येक जागा म्हणजे नवी शाळा असते, तिथलं इथे आपोआप येत नाही. मी म्हणालो, ठीक आहे, इथेही शिकवू. त्या घरी आल्या. चटई कपाटात टाकली. त्यानं कपाटापाशी जाऊन वास घेतला, विचार केला, मग न्हाणीघरातून माझा टॉवेल ओढून आणला, आडव्या पडलेल्या बाईंच्या शेजारी नीट टाकला आणि त्यावर पडला. बाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. टॉवेल उचलला तर बनियन आणलं. सगळंच उचललं तेव्हा नुसत्या फरशीवर पडला, पण गप्प. एवढा हुशार कुत्रा मी पाहिला नाही, असं बाई म्हणाल्या. एखादा मठ्ठ असता तर विसरला असता. आईनं जे रोज, एवढ्या मायेनं शिकवलं, ते त्याच्यासाठी या घराचा कायदा झालंय. आणि वकील म्हटल्यावर कायद्याबाहेर कसा जाईल?

तरी मी सोडलं नाही. रोज दुपारी पाठ चालायचा. आधी आईच्या खोलीतच आडवा होत होतो, तिला तेवढीच करमणूक म्हणून. पण मला जमिनीवर पाहिल्याबरोबर तिच्या घशातून असा काही आवाज निघाला की मी घाबरून उठलो. तिला वाटलं, गेलाच हा. तेव्हापासून पाठ स्वयंपाकघरात न्यायचं ठरवलं. जाण्याआधी तिच्या पलंगापाशी उभा राहून सांगायचो, आता मी पडणार आहे, धप्प आवाज येईल, तू मनावर घेऊ नकोस, पाठ चालू आहे. ती डोळ्यांनी बरं म्हणायची. पहिले काही दिवस ती तरीही पलंगाची घंटा वाजवायची. मग सवय झाली. धप्प आवाज आला तरी शांत पडून राहायची. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, एवढं तरी जमलं.

तुझ्या लक्षात येतंय ना, ठमे, मी काय करत होतो ते? मला तेव्हा नाही आलं.

फीत मिळाल्यावर दोनच दिवसांनी, मंगळवारी दुपारी मी दूध तापत ठेवलं होतं. पाठाची वेळ नव्हती, पण जवळपास तीच. एकदम उजवा पाय माझा राहिला नाही. टेबलाला धरायला गेलो तर टेबल लांब गेल्यासारखं झालं, आणि मी पडलो. धप्प. अगदी रोजच्यासारखा. शुद्ध होती. छत दिसत होतं, दुधाचा आवाज नाही, पण वास येत होता. दूध उतू गेलं, बर्नर विझला आणि गॅसचा वास यायला लागला. वकील आला. मला हुंगलं. चटई आणायला गेला, आणली, माझ्या खांद्याशी टाकली. मी त्याला 'बोल' म्हणायला गेलो तर तोंडातून नुसती हवा आली. जिभेचं लाकूड झालं होतं. त्यानं माझा गाल चाटला आणि चटईवर गप्प पडला. गॅसनं त्याला शिंका आल्या, पण जागा सोडली नाही. आणि आत, भिंतीपलीकडे, तुझ्या आईनं सगळं ऐकलं होतं. धप्प आवाज ऐकला होता, मी उठलो नाही हेही तिला कळत होतं. पण घंटा वाजली नाही. का वाजवेल? मीच तिला सांगितलं होतं, मनावर घेऊ नकोस.

म्हणजे कुत्र्याला भुंकायला शिकवता शिकवता मी घरातल्या उरलेल्या एका माणसालाही गप्प राहायला शिकवलं. एवढी अक्कल पाजळून मी हे साधलं.

मला मरणाची भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. पण ती आत होती. उठून खिडकी उघडू शकली नसती, पलंगावरून खाली उतरू शकली नसती. पडल्या पडल्या श्वास घेत राहिली असती. त्या विचारानं डावा हात कसाबसा हलला. सरपटत गेलो. गॅसच्या टाकीची चावी खाली असते म्हणून वाचलो, वर असती तर पोचलो नसतो. चावी बंद केली, मागचं दार लोटलं आणि उंबऱ्यावर डोकं ठेवून पडून राहिलो. हळूहळू पाय आला, मग जीभ आली. तिच्या खोलीत गेलो तेव्हा कपाळावरून रक्त येत होतं. तिनं ते पाहिलं आणि तिला कळलं. तिचा चेहरा तुला सांगत नाही. ते मी माझ्यापाशीच ठेवतो.

डॉक्टर म्हणाले, ही सूचना होती, पुन्हा येईल, केव्हा ते सांगता येत नाही. सहाणेपाशी बसायचं नाही म्हणाले. राहिलेल्या कात्र्या शिंप्यांना आणि न्हाव्यांना तशाच परत पाठवल्या. बाईंना फोन केला, त्यांना फक्त एवढंच सांगितलं की आता घरी येऊन पुढे शिकवायचं नाही. त्यांनी कारण विचारलं, मी ऐकू येत नाही असं दाखवलं. वकील आता आईच्या पलंगाखाली झोपलाय. त्याचं काही चुकलेलं नाही. आम्ही जे जे शिकवलं, ते ते त्यानं मनापासून केलं, आणि त्याचा मला राग येत नाही. नुसतं रडू येतं. तेही, तू विश्वास ठेवणार नाहीस, दुपारी चहा पिताना.

तर पत्र लिहायचं कारण. आईला ने. ती जागा अजून असेल तर लगेच, नसेल तर मिळेल ती, पण जिथे हाक मारल्यावर माणूस येतं अशी. फोनवर हे मला सांगता आलं नसतं, मी पुन्हा भांडलो असतो आणि तू पुन्हा माझ्यावर दया करून थांबली असतीस. आता थांबू नकोस. मला नेण्याचा विषय काढू नकोस, तुझ्या दोन खोल्यांत चार माणसं आहेत आणि तिथे कुत्रं चालत नाही. मी इथे त्याच्याबरोबर राहीन. आम्ही दोघं एकमेकांना पुरे आहोत, काय व्हायचं ते होईल. तिथल्या लोकांना सांग, तिला डाव्या कुशीवर फार वेळ ठेवायचं नाही, पाणी चमच्यानं आणि थोडं थोडं, आणि टीव्ही लावला तर आवाज मोठा नको, तिकीटखिडकीपाशी बसून गोंगाटाचा तिला उबग आलाय. काल संध्याकाळी तिला हे सगळं सांगितलं. कुठे जायचं, तू जवळ असशील, मी नसेन, हेही सांगितलं. तिनं डाव्या हातानं माझी बोटं धरली आणि सोडेचना. हो म्हणत होती की नको म्हणत होती, मला कळलं नाही. बराच वेळ बसून पाहिलं, तरी कळलं नाही. शेवटी मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तुला लिहायला बसलो.

तुझाच, हरलेला,
बाबा